चळवळीच्या गायकाने स्वतःचा अल्बम कसा करावा आणि नागपुरात त्याचा प्रयोग कसा लावावा

एप्रिल उजाडला की नागपुरातल्या भीमगीतांच्या पार्ट्यांना, म्हणजे गायक-वादकांच्या ताफ्यांना, मान वर करायला फुरसत नसते. इंदोरा, बेझनबाग, कामठी, पुढे भंडारा-गोंदियापर्यंत रोज रात्री मंच. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुन्हा तीच धावपळ. यातल्या बऱ्याच गायक-कवींच्या वहीच्या शेवटच्या पानांवर काही वेगळी गाणी लिहिलेली असतात. कुठे आईच्या आजारपणाचं गाणं असतं, कुठे मोडलेल्या संसाराचं, कुठे गिरणी बंद पडल्यावर घरात गप्प बसलेल्या बापाचं. ही गाणी मंचावर येत नाहीत. का, म्हणून विचारलं की उत्तर मिळतं, "लोक म्हणतील, चळवळ सोडली अन् स्वतःचं रडगाणं सुरू केलं."

हा लेख त्या शेवटच्या पानांसाठी आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. चळवळीच्या गायकाने स्वतःचं गाणं गायलं तर चळवळ कमी होत नाही. तिच्यामागचा माणूस लोकांना दिसतो. आपल्या परंपरेत हे नवीनही नाही. अण्णाभाऊ साठ्यांची मैनेची छक्कड आठवा. मुंबईत पोटासाठी आलेल्या कामगाराचा बायकोपासूनचा विरह आणि संयुक्त महाराष्ट्राची अर्धी राहिलेली मागणी, दोन्ही एकाच गाण्यात आहेत, आणि त्यातलं काय खासगी नि काय राजकीय असा हिशेब ऐकणाऱ्याने कधी मागितला नाही. फक्त हे काम नेटाने, क्रमाने आणि कागदपत्रं नीट ठेवून करावं लागतं.

वर्षाचं गणित आधी मांडा

पार्टीच्या गायकाला वर्ष मोकळं नसतं. १४ एप्रिल ते मे अखेर जयंतीचे कार्यक्रम, ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिन, डिसेंबरात आधी ६ तारखेचा महापरिनिर्वाण दिन आणि मग विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. अधिवेशनाच्या दिवसांत पोलीस मोर्च्यांच्या बंदोबस्तात असतात. तुम्हीही मोर्च्यात असता. तेव्हा त्या काळात सभागृहाची परवानगी मागत फिरू नका.

पावसाळ्यात कार्यक्रम कमी असतात. जून ते ऑगस्ट हा काळ लिहायला, चाली बांधायला आणि तालमीला द्या. रेकॉर्डिंग दिवाळीनंतर करा. नागपुरात तेव्हा पंखा आणि कूलर बंद ठेवून खोलीत बसता येतं, आणि घरच्या रेकॉर्डिंगमध्ये निम्मी खराबी पंख्याच्या घरघरीचीच असते. अल्बम आणि प्रयोग जानेवारी-फेब्रुवारीत आणा. जयंतीच्या हंगामात आणलात तर शेकडो नव्या भीमगीतांच्या गर्दीत तुमचं आईवरचं गाणं कुणाच्या कानावर पडणार नाही.

गाणी निवडणं

सात-आठ गाणी, तीस-पस्तीस मिनिटं. एवढं पुरे. वहीत पंचवीस असली तरी निवडताना कठोर व्हा. माझी कसोटी साधी आहे: जे गाणं दुसऱ्या कुठल्याही पार्टीच्या गायकाने जसंच्या तसं गायलं तरी चालेल, ते या अल्बममध्ये नको.

मोर्च्याच्या गाण्याचं बळ असं की ओळ ऐकताक्षणी हजार माणसं उचलतात. त्यामुळे ती ओळ सगळ्यांची असावी लागते, आणि तिथे तपशील कमीच ठेवावा लागतो. घरच्या गाण्याला तपशिलाशिवाय उभंच राहता येत नाही. समजा, विषय एम्प्रेस मिलचा आहे. १८७७ साली सुरू झालेली गिरणी, आज त्या जागेवर मॉल आहे, आणि नागपुरातल्या कितीतरी घरांचा चुलीचा इतिहास तिच्याशी बांधलेला आहे. "भांडवलदाराने गिरणी लुटली, कामगार देशोधडीला लागला" ही ओळ सभेत चालेल. अल्बमसाठी असं काही हवं:

भोंगा गिरणीचा गेला
तरी डबा भरे आई
बाबा दारात बसून
त्याच वेळेवर खाई

यात घोषणा नाही, पण गिरणी बंद झाल्याने काय झालं ते सगळं आहे. प्रत्येक गाण्यात अशी एक तरी वस्तू किंवा कृती शोधा, जी फक्त तुमच्या घरातली आहे: डबा, विड्यांचं सूप, रेशनच्या रांगेतली पिशवी, विहारात न्यायची पांढरी साडी. ती सापडली की बाकीचं गाणं तिच्याभोवती उभं राहतं. नाही सापडली, तर ते गाणं अजून झालेलं नाही असं समजा.

आणि एक गोष्ट टाळता येणार नाही. गाण्यात घरची जिवंत माणसं असतील तर रेकॉर्डिंगच्या आधी त्यांना समोर बसवून गाणं ऐकवा. आई म्हणाली, "हे नको गाऊस, बापू," तर ते कडवं काढा. बायकोशी फारकत झाली असेल तर तिचं नाव, तिचं गाव, तिची नोकरी गाण्यात येऊ देऊ नका. तिला उत्तर द्यायला मंच नाही, तुम्हाला आहे. कायद्याच्या बाजूनेही हेच शहाणपणाचं आहे. बदनामीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, आणि गाणंही त्यात बसू शकतं. राजकीय गाण्यांसाठी कलम १९६ ध्यानात ठेवा, समाजगटांत वैर वाढवण्याबद्दलचं. सत्तेवर, धोरणावर, जातिव्यवस्थेवर कडक बोला, तो तुमचा हक्क आहे. बोट एखाद्या समाजातल्या माणसांवर रोखलं जात नाही ना, एवढं प्रत्येक ओळीत तपासा.

चाल: सिनेमाचा आधार सोडा

भीमगीतांच्या पार्ट्यांमध्ये लोकप्रिय सिनेमाच्या चालीवर शब्द बसवायची जुनी रीत आहे. मंचावर त्यामुळे गाणं पटकन पोहोचतं. अल्बममध्ये ही रीत महागात पडते. चालीचा हक्क दुसऱ्याचा असतो, आणि यूट्यूबची यंत्रणा चाल ओळखून दावा लावते. मग गाण्याची कमाई त्यांच्याकडे जाते किंवा गाणंच खाली उतरतं.

खासगी गाण्याची चाल खासगी आठवणीतून यावी हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वऱ्हाड-झाडीत त्यासाठी खजिना आहे. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, भाद्रपदापासून कोजागिरीपर्यंत पोरी म्हणायच्या ती भुलाबाईची गाणी, झाडीपट्टीची दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं, खंजिरीवरची भजनं. या पारंपरिक वळणांवर कुणा एकाची मालकी नाही. ओवीचं वळण घ्या, लय थोडी संथ करा, ढोलकीऐवजी नुसतं तुणतुणं ठेवून बघा. ढोलकी सुरू झाली की हात आपोआप टाळ्यांकडे जातात, आणि काही गाणी टाळीशिवाय ऐकायची असतात.

पट्टीही बदला. चौकात आवाज दूरवर फेकायचा म्हणून आपण चढ्या सुरात गातो. तुमची नेहमीची पट्टी काळी दोन असेल तर ही गाणी काळी एकमध्ये, जमलं तर पांढरी एकमध्ये गाऊन बघा. पहिले काही दिवस गळ्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटेल. मग शब्दांमधला श्वास ऐकू यायला लागतो.

एखाद्या पूर्वसुरीचं गाणं अल्बममध्ये घ्यायचं असेल तर तारखा बघा. भारतात शब्द आणि संगीताचा कॉपीराइट रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. अण्णाभाऊ १९६९ साली गेले, म्हणजे त्यांच्या रचनांवर २०२९ अखेरपर्यंत वारसांचा हक्क आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली गेले, म्हणजे २०२८ अखेर. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, सुरेश भट २००३ साली. त्यांच्या रचनांसाठी अनुक्रमे २०६४ आणि २०६३ अखेरपर्यंत लेखी परवानगी लागेल. जोतिराव फुल्यांचे अखंड (अभंगाच्या वळणाची पद्यं) मात्र खुले आहेत. वामनदादांचं गाणं आपल्या घरचंच, परवानगी कसली, असं म्हणू नका. त्यांनी आयुष्यभर गाऊन काय मिळवलं हे आपल्याला ठाऊक आहे. निदान आपण तरी कागद करावा.

पार्टीशी कागद

इथे मैत्री तुटते, म्हणून हे रेकॉर्डिंगच्या आधी. शब्द तुमचे, चाल पेटीवाल्या दादाने सुचवलेली, मधला तुकडा ढोलकीवाल्याचा: असं झालं तर कोण किती? एका कागदावर प्रत्येक गाण्याचं नाव, गीतकार, संगीतकार, गायक, वादक आणि प्रत्येकाचा टक्का लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढून सगळ्यांना पाठवा. वादकाला एकरकमी मानधन द्यायचं असेल तर तेही स्पष्ट लिहा.

एखादी कंपनी अल्बम "घेते" म्हणाली तर करार वाचल्याशिवाय सही नको. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. गाण्याचे हक्क कंपनीला लिहून दिले तरी गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा त्यांच्याकडेच राहतो. तो सोडून देतो असं लिहून घेतलं तरी ते ग्राह्य नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. मात्र ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक निर्माता असतो. म्हणून शक्य असेल तर रेकॉर्डिंगचा खर्च स्वतः करा आणि निर्माता म्हणून स्वतःचं नाव लावा.

गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएस या संस्थेचं सदस्यत्व घ्या आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा. गाणी कुठे वाजली-गायली गेली त्याचे पैसे तिथून येतात. कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही, हक्क रचना झाल्याबरोबर मिळतो. पण वाद झाला तर पुरावा म्हणून नोंदणी कामी येते.

रेकॉर्डिंग

आधी सगळी गाणी मोबाइलवर, एका बैठकीत, नुसत्या तुणतुण्यावर गाऊन ठेवा. हा कच्चा मसुदा जपून ठेवा. पुढे स्टुडिओत गाणं भरजरी व्हायला लागलं की तो ऐका, मूळ गाण्यात काय होतं ते कळतं.

स्टुडिओत जाताना ऑर्केस्ट्रेशनचा मोह आवरा. कीबोर्डवरचे तयार व्हायोलिन घातले की गाणं कुणाचंही होतं. आवाज, एक तंतुवाद्य, एक चर्मवाद्य आणि गरज असेल तिथेच पेटी. आवाज आणि डफ एकाच खोलीत एकाच वेळी घेतलात तर डफ आवाजाच्या माइकमध्ये घुसतो आणि मग मिक्सिंगमध्ये काही करता येत नाही. डफ वेगळ्या खोलीत बसवा, दोघांना हेडफोन द्या, एकमेकांचे डोळे दिसतील असं दार अर्धं उघडं किंवा काच असू द्या. शाहिरी गाण्याची लय डोळ्यांतून चालते. म्हणून प्रत्येक गाण्याला क्लिक (हेडफोनमधली तालाची टिकटिक) लावायचा हट्ट नको. ओवीच्या वळणाचं गाणं क्लिकवर गुदमरतं.

चामड्याचा डफ हवेतल्या ओलीने सैल पडतो. चौकात आपण कागद पेटवून तो शेकतो, स्टुडिओत ते कुणी करू देणार नाही. एक हॅलोजनचा दिवा सोबत न्या. कडेने, हातभर अंतरावरून, डफ फिरवत फिरवत तापवा. बोटाने टिचकी मारल्यावर आवाज बसका न येता "टण्" असा मोकळा आला की थांबा. दर दोन-तीन टेकनंतर पुन्हा तपासा, नाहीतर एकाच गाण्यात डफाचा सूर दोन ठिकाणी वेगळा लागतो.

माइकपासून वीतभर अंतर ठेवा आणि मंचावरची सवय विसरा. तिथे माइक ओठांना लावून गातो, इथे प्रत्येक "प" आणि "भ" फुटेल. फाइल २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला घ्या. अंतिम मास्टर, म्हणजे प्रकाशनाची शेवटची फाइल, फार ठोकून मोठ्या आवाजाची करू नका. गाणी ऐकवणारी बहुतेक ॲप्स पातळी आपणहून सारखी करतात, उणे १४ लुफ्सच्या आसपास (लुफ्स हे आवाजाच्या मोठेपणाचं माप), आणि ठोकलेलं गाणं तिथे उलट चपटं वाटतं.

प्रकाशन

ॲप्सवर गाणी थेट टाकता येत नाहीत, वितरक लागतो. वर्षाला ठरावीक रक्कम घेणारे आणि कमाईतून टक्का कापणारे असे दोन प्रकार असतात. गाणी कमी असतील तर मला दुसरा प्रकार बरा वाटतो, पण करारातून बाहेर कसं पडायचं ते आधी वाचा. प्रत्येक गाण्याला आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा. मुखपृष्ठ चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल. नावं देवनागरीत द्या आणि कलाकाराच्या नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा; नाहीतर ॲप तुम्हाला दोन वेगळे गायक समजतं. प्रकाशनाच्या तीन-चार आठवडे आधी फाइल्स पाठवा.

आपला श्रोता मात्र अजून पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डवरही आहे. प्रयोगाच्या दिवशी दाराशी टेबल ठेवा, सोबत गाण्यांची छापील पुस्तिका. दीक्षाभूमीवर लोक पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात. शब्द हातात ठेवायची ही सवय आपल्या समाजाची ताकद आहे.

सभागृह आणि परवानग्या

पहिला प्रयोग कविवर्य सुरेश भट सभागृहात लावू नका. रेशीमबागेतली ती सुमारे २००० खुर्च्यांची वास्तू आहे. तिथे चारशे माणसं आली तरी सभागृह रिकामं दिसतं आणि हळू आवाजाचं गाणं हरवतं. शंकरनगरचं साई सभागृह, लक्ष्मीनगरचं सायंटिफिक सभागृह, सीताबर्डीतली विदर्भ साहित्य संघाची किंवा मोर भवनाची जागा बघा. उत्तर नागपुरातला श्रोता यायला हवा असेल तर सीताबर्डी सोयीची, कारण इंदोरा चौकातून थेट मेट्रो आहे. शेवटच्या गाडीची वेळ बघून कार्यक्रम संपवा. त्याआधी मोहल्ल्यातल्या विहारात किंवा कुणाच्या गच्चीवर वीस-पंचवीस जणांची एक बैठक जरूर करा. कुठल्या कडव्याला माणसं चुळबुळ करतात ते तिथे दिसतं.

भाडं विचारताना अनामत, वीज, एसीचे तास, ध्वनियंत्रणा आणि तालमीसाठी दुपारी किती तास मिळतील, हे सगळं एकदमच विचारा आणि लेखी घ्या. पोलीस ठाण्याला अर्ज वेळेत द्या आणि पोच घ्या. उघड्या मैदानावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आहे. बंद सभागृहाला त्यात सवलत आहे. कार्यक्रमात संवाद, पात्रं, प्रवेश असं नाट्यरूप आणणार असाल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते, त्यासाठी पुरेसा वेळ हाताशी ठेवा. नुसती गाणी आणि निवेदन असेल तरी गाण्यांची यादी आणि शब्द छापून फाइलमध्ये ठेवा. कुणी आक्षेप घेतलाच तर काय गायलं हे दाखवता येतं.

तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. मी म्हणेन, तिकीट लावाच, पन्नास रुपये का होईना. मध्यंतरात सिनेमाची गाणी वाजवू नका, त्याचा परवाना वेगळा लागतो.

प्रयोगाची बांधणी

चौकातल्या कार्यक्रमात गाणं रंगलं की कुणीतरी नोट घेऊन मंचावर येतं आणि गाणं थांबवून त्यांचं नाव पुकारावं लागतं. ते प्रेम असतं, त्याला नाही म्हणवत नाही. पण आईच्या शेवटच्या दिवसांचं गाणं मध्येच थांबवता येत नाही. म्हणून सुरुवातीलाच निवेदकाने नम्रपणे सांगावं: "दानपेटी दाराशी आहे, सगळ्यांची नावं मध्यंतरानंतर घेऊ." आणि ती नावं खरंच घ्या, एकही न गाळता. फर्माइशीच्या चिठ्ठ्यांचंही तसंच. मध्यंतरात गोळा करा.

पहिलं गाणं लोकांच्या ओळखीचं, चळवळीचं असू द्या, पूर्ण पार्टीसह. मग झीलकरी (मागून साथीला गाणारे) मागे बसतील, दिवे कमी होतील आणि अल्बममधली चार-पाच गाणी सलग. मध्ये लांब निवेदन नको. "हे गाणं मी का लिहिलं" हे सांगायला लागलात की गाण्याला बोलायला काही उरत नाही. गाण्याचं नाव आणि फार तर दोन वाक्यं. पहिल्या गाण्यानंतर टाळ्या कमी आल्या तर घाबरून लगेच जोशाचं गाणं सुरू करू नका, ठरलेला क्रम पाळा. मध्यंतरानंतर फर्माइशी, राजकीय गाणी आणि त्यांच्यामध्ये अल्बममधली उरलेली दोन. शेवट सगळ्या झीलकऱ्यांसह उभ्याने.

ध्वनितपासणी दुपारीच करा, आणि हळू गाण्यांची आधी. ध्वनियंत्रणावाला दादा सवयीने बास आणि इको वाढवतो. त्याला शेजारी बसवून अल्बममधलं एक गाणं ऐकवा आणि "असं हवं" म्हणा. इको फक्त शाहिरी गाण्यांना. मिक्सरमधून थेट रेकॉर्डिंग घ्या, शिवाय प्रेक्षकांकडे तोंड करून एक माइक वेगळा लावा.

दुसऱ्या दिवशी

सगळ्या साथीदारांना एकत्र बोलवा. तिकीट, दानपेटी, पेन ड्राइव्ह आणि पुस्तिकांची विक्री एका बाजूला, भाडं, ध्वनी, छपाई, प्रवास आणि मानधन दुसऱ्या बाजूला लिहा, सगळ्यांसमोर वाचून दाखवा आणि ठरल्या टक्क्याने वाटणी करा. तोटा झाला असेल तर तोही वाचून दाखवा. प्रयोगाचं रेकॉर्डिंग ऐका आणि जी गाणी तिथे अल्बमपेक्षा चांगली उतरली ती वेगळा आयएसआरसी क्रमांक घेऊन प्रकाशित करा. कामठी, वर्धा, यवतमाळच्या मंडळांना फोन करायला सुरुवात करा. पण मार्च संपायच्या आत. पुढे जयंतीच्या तारखा लागतात.